पुठ्ठ्यावरचा लाल गोल

आबा, तुमची गाडी सुरू झाली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे सांगत नाही. तुम्हाला बरं वाटेल असं काही करायची माझी इच्छा तुम्ही गेलात त्याच्या पाच वर्षं आधीच संपली होती, आणि तुम्हाला जाऊनही आता आठ वर्षं झाली. पण त्या इंजिनाच्या आत मला जे सापडलं, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं आणि आता माझ्याशिवाय कुणाला त्याचा अर्थ लागणार नाही. म्हणून लिहिते आहे. जिवंत होतात तेव्हा तुमच्यासमोर उभं राहून भांडायची माझी छाती झाली नाही, हेही आहेच. तुम्ही मान खाली घालून पाने-पकडी पुसत बसायचात आणि समोरचं माणूस आपोआप गप्प व्हायचं.

गाडी माझ्याही आधीची. विलायती, एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची. कुणीतरी भंगारात काढलेली तुम्ही उचलून आणलीत आणि दोन वर्षं खपून उभी केलीत, हे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. वारणानगरच्या कॉलनीत तिचा आवाज सगळ्यांना ओळखू यायचा. तुम्ही साखर कारखान्याच्या वर्कशॉपात हेड फिटर. आपल्या वस्तीतून त्या खुर्चीपर्यंत पोचलेले पहिले. खिशाला कायम एक लाल पेन्सिल. कुणाच्या कामात खोट दिसली की तुम्ही तिच्याभोवती एक गोल काढायचात आणि एक शब्द न बोलता पुढच्या माणसाकडे जायचात. तो गोल लोकांना शिवीपेक्षा जास्त झोंबायचा असं म्हणत. घरीही तेच. माझ्या गणिताच्या वहीत गोल, भूमितीच्या आकृतीत गोल, एकदा तर आईने पाठवलेल्या पोस्टकार्डावर पत्ता चुकला म्हणून गोल. स्वतःच्या कामाभोवती तुम्ही कधी गोल काढलेला मी पाहिला नव्हता. तेव्हा मला वाटायचं, गरजच पडत नसेल.

मला गाडी तुम्हीच शिकवलीत, हे मी नाकारत नाही. अकरावीत होते. कॉलनीतल्या बायका ओट्यावर येऊन बघायच्या आणि तुम्ही मुद्दाम मोठ्याने सांगायचात, "क्लच सोड. घाबरतीस कशाला? यंत्राला बाई-बुवा कळत न्हाय." हे वाक्य मी किती वर्षं जपलं असेल! दहावी पास झाले तेव्हा बाकीच्या पोरींना घड्याळं मिळाली, मला तुम्ही दहा-अकराचा पाना दिलात. नवा नव्हता, तुमच्या हातातला होता, दांडा गुळगुळीत झालेला. मी तो दप्तरात घेऊन कॉलेजात जायचे. डिप्लोमा करायचा, मेकॅनिकल घ्यायचं, असं ठरलेलं होतं. कुणी विचारलं तर तुम्हीच सांगायचात.

आणि मग चौऱ्याण्णवची खंडेनवमी. कारखान्यात सगळी यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून बसलेली. लेथला हळदकुंकू, पान्यांना हळदकुंकू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. तुम्ही त्यांची पूजा कधी अडवली नाहीत आणि स्वतः कधी केली नाहीत. पण त्या वर्षी तुमच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, बरोबर त्याच दुपारी अंगणात गाडी काढलीत. इंजिनाच्या बाजूच्या, टायमिंगच्या झाकणातून तेल झिरपत होतं. झाकणाखालचा गॅस्केट, म्हणजे फटीतून तेल गळू न देणारा पातळ थर, बदलायचा, एवढंच काम. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "मेस्त्री, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या की. हत्यारं इसाव्याला हायत." तुम्ही हसून म्हणालात, "तुमची असतील. माझ्या पान्याला सुट्टी लागत न्हाय." मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला की मी मुद्दाम काकांकडे बघत तुमच्या शेजारी जाऊन बसले.

गॅस्केट आणायला दुकानं बंद होती. तुम्ही म्हणालात, घरात पुठ्ठा आहे का बघ. पुठ्ठा होता तो माझ्या चित्रकलेच्या वहीचा, मागचा, जाड. त्यावर माझं नाव आणि तुकडी माझ्या अक्षरात. मीच तो आणून तुमच्या हातात दिला. तुम्ही तो इंजिनाच्या तोंडावर धरून हातोडीने कडेकडेने ठोकायला लागलात, तसा तो त्या आकारात कापला जायला लागला. कुंपणापलीकडून काका बघत होते आणि तुम्हाला ते माहीत होतं. कडा किती सुबक कापल्यात तुम्ही! बोल्टांची भोकं एकेक करून पाडलीत. मग आईने चहाला हाक मारली आणि मी आत गेले. परत आले तेव्हा झाकण बसलेलं होतं. गाडी एका किकला सुरू झाली. काका आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा, आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी तुम्ही पांढरे कपडे घालून विहारात निघालात आणि मला म्हणालात, कोल्हापूरच्या स्टँडवर हुपरीहून मावशी येणार आहे, तिला घेऊन ये, चाळीसच्या वर न्यायची नाही. मी चाळीसच्या वर नेली नाही. आबा, आज तेरा वर्षांनी पुन्हा लिहिते, मी चाळीसच्या वर नेली नाही. वाठारच्या अलीकडे आतून बारीक टकटक ऐकू यायला लागली. मी वेग कमी केला, कडेला घ्यायला लागले, तेवढ्यात काहीतरी कडकन वाजलं आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. माझं कोपर सोलवटलं, गुडघा फुटला. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने मला आणि गाडीला ट्रॉलीत घालून कॉलनीत आणून सोडलं.

अजून सगळं तसंच दिसतं: मी तुमच्या अंगणात उभी आहे. गुडघ्यातून रक्त येतंय आणि मी ते हाताने दाबून धरलंय. तुम्ही विहारातून आलेले, कपड्यांना अजून इस्त्री. किक मारून बघता, किक हलत नाही. कुंपणावर काका, त्यांच्यामागे आणखी दोघंतिघं. काका म्हणतात, "काय मेस्त्री, काल काय म्हटलंतं मी?" तुम्ही त्यांच्याकडे बघता. मग माझ्याकडे बघता. आणि म्हणता, "यंत्राला काय न्हाय झालं. पोरीनं ताणली. बाईच्या हातात यंत्र दिलं, ही माझी चूक." मी म्हणाले, आबा, चाळीसच होती. तुम्ही म्हणालात, "खोटं बोलू नको." एवढंच. गुडघ्याकडे आईचं लक्ष गेलं, तुमचं नाही.

त्या क्षणी तुम्हाला खरं कारण माहीत नव्हतं, हे मी मानते. माणूस रागात बोलून जातो. पण पुढच्या रविवारी तुम्ही मला आणि आईला हुपरीला मावशीकडे पाठवलंत. संध्याकाळी परत आलो तर इंजिन गाडीतून निघालेलं, पोत्यात बांधून पलंगाखाली. माझा पाना दप्तरातून गेलेला आणि तुमच्या हत्यारांच्या फळीवर लटकलेला. त्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार तुम्ही रंगाने काढून ठेवला होता. माझ्या पान्याला आकार नव्हता, तो नुसता खिळ्याला होता. मी विचारलं, काय झालं होतं इंजिनाला? तुम्ही म्हणालात, "जळालंय. उघडण्यात अर्थ न्हाय." जूनमध्ये डिप्लोमाचा फॉर्म आणला तर म्हणालात, हिला यंत्राची समज नाही, डी.एड. करू दे. मी डी.एड. केलं. दहा वर्षं तिसरी-चौथीला शिकवते आहे. पोरं चांगली आहेत, नोकरी चांगली आहे, सगळे म्हणतात मी चांगली बाई आहे. मला हे कधीच करायचं नव्हतं.

गेल्या वर्षी आई म्हणाली, तो सांगाडा आणि ते पोतं भंगारात दे, जागा अडते. मी नाही म्हणाले. तुमच्या आठवणीसाठी नाही. मला ती गाडी सुरू करून कोडोलीच्या रस्त्याने ऐंशीने न्यायची होती, कॉलनीवरून, काकांच्या दारावरून. एवढ्याच खुन्नसपायी मी पोतं रिक्षात घालून शिवाजी पेठेत गेले. तालमीमागच्या बोळात एक म्हातारे मेस्त्री आहेत, फक्त जुन्या विलायती इंजिनांचं काम करतात. त्यांचा एक शिरस्ता आहे. मालक समोर बसल्याशिवाय ते इंजिन उघडत नाहीत. मी म्हणाले, ठेवून जाते. ते म्हणाले, "न्हाय चालायचं बाई. डॉक्टर पेशंटाच्या माणसाला भायेर काढतो, मी आत घेतो. उद्या म्हणशीला, आत चांगलं हुतं, म्हाताऱ्यानंच बिघडवलं." मग मी दर रविवारी जायला लागले. ते मला स्टूल द्यायचे आणि कधी पान्याचा नंबर सांगून हात पुढे करायचे. पहिल्यांदा मी न बघता बरोबर पाना दिला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पान्यासाठी हात पुढे केला.

सगळ्यात आधी त्यांनी टायमिंगचं झाकणच काढलं. माझ्या वहीचा पुठ्ठा तिथेच चिकटलेला होता. तेलाने काळपट झालेला, पण माझं अर्धं नाव आणि तुकडी वाचता येत होती. मेस्त्रींनी पातीने तो अलगद सोडवला, दारात उजेडाला धरला आणि म्हणाले, "च्यायला." मग मला समजावून सांगितलं. त्या झाकणाच्या एका कोपऱ्यात बारीक भोक असतं. पंपाचं तेल त्यातून झाकणात येतं आणि झाकणातून क्रँकला, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याला, जातं. गॅस्केटला त्या जागी भोक नसेल तर तेल तिथेच अडतं. आधीचं अंगावरचं तेल असेल तोवर इंजिन चालतं, मग कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कोरडं पडतं आणि जाम होतं. "ह्या पुठ्ठ्याला भोकच न्हाय," ते म्हणाले. "चाळीसनं न्या, न्हायतर धाच्या स्पीडनं न्या. हे मरणारच हुतं."

आणि जिथे भोक हवं होतं, बरोबर तिथे, लाल पेन्सिलचा एक गोल होता.

तो कुणाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तेलाच्या डागावरून काढलेला होता, म्हणजे पुठ्ठा कापतानाचा नव्हता. त्या रविवारी आम्हाला हुपरीला पाठवून तुम्ही झाकण काढलंत, काय झालं ते तुम्हाला एका नजरेत कळलं, सवयीने खिशातली पेन्सिल काढून खोटीभोवती गोल केलात आणि झाकण परत लावून टाकलंत. चारही बाजूंचे बोल्ट आवळलेत. मग माझ्या दप्तरातला पाना काढून घेतलात. मेस्त्रींनी मला विचारलं, ही कुणाची कारागिरी म्हणून. मी त्यांना काय उत्तर दिलं ते नंतर सांगते. आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे.

कुणी म्हणेल, तो गोल म्हणजे बापाची कबुली होती, माफी होती. मला तसं वाटत नाही. ज्याला कबूल करायचं असतं तो झाकण लावत नाही. तुमच्याकडे त्या रविवारपासून जूनपर्यंत आठ महिने होते. मी रोज समोर बसून जेवत होते. कॉलनीतल्या बायका आईला म्हणायच्या, पोरीच्या हातनं गाडी गेली म्हणं, आणि तुम्ही ते ऐकत होतात. मी स्वतः रात्रंदिवस आठवत होते की माझ्याकडून नकळत पन्नास झाली का, गियर चुकला का. इतकं आठवलं की शेवटी मलाच वाटायला लागलं, झाली असेल. माझ्या हाताला समज नाही हे मी तुमच्या तोंडून ऐकलं आणि खरं मानलं. तेरा वर्षं घरातला फ्यूज गेला तरी मी शेजाऱ्याला बोलावलं.

तुम्ही का केलंत, तेही मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. माझी चूक झाली, असं तुम्ही म्हणाला असतात तर ती एका फिटरची चूक राहिली नसती. खंडेनवमीला हत्यार धरलं, देव मानत नाही, भोगा आता, असं म्हणायला कुंपणावर माणसं तयारच होती. शिवाय ज्या वस्तीतून तुम्ही आलात तिचाही उद्धार झाला असता. तुम्ही वीस वर्षं एक चूक न करता त्या वर्कशॉपात उभे होतात, कारण तुम्हाला चूक परवडत नव्हती. हे सगळं मी समजू शकते. पण तुमच्यावर जे येणार होतं तेच तुम्ही उचलून माझ्यावर टाकलंत. एका माणसाची चूक सगळ्या जातीच्या नावावर लिहितात म्हणून तुम्ही आयुष्यभर चिडलात, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा स्वतःची चूक सगळ्या बायकांच्या नावावर लिहून मोकळे झालात. विहारातून आलेल्या पांढऱ्या कपड्यांत. याची मला लाज वाटते, आबा. तुमच्या चुकीची नाही, याची.

आणि एवढं करून तुम्ही ज्यांना घाबरलात ते तरी काय म्हणाले असते? शिवाजी पेठेतले मेस्त्री माळकरी आहेत. खंडेनवमीला त्यांचं दुकान झेंडूने भरतं आणि ते पाना हातात घेत नाहीत. मी त्यांना मुद्दाम सांगितलं की हा पुठ्ठा खंडेनवमीला कापला होता, दुकानं बंद होती म्हणून. बघितलं त्यांच्या तोंडाकडे. ते म्हणाले, "पुठ्ठा चालतोय की. मीबी कापतो. भोक इसरलं म्हणून मेलं ते. देवाला काय दुसरी कामं न्हाईत व्हय?" ऐकलंत? सगळे त्यांच्यासारखे नसते, मला ठाऊक आहे. काका तर नक्कीच नसते. पण तुम्ही विचारूनच पाहिलं नाहीत.

काम सहा महिने चाललं. रॉड नवा बसवला, क्रँक सरळ केला, सिलिंडर बोअर करून आणला. क्रँक सरळ करताना मेस्त्री दोन टोकांत तो धरून फिरवायचे, मोजायच्या डायलचा काटा किती हलतो ते बघायचे, तांब्याच्या हातोडीने एक ठोका घालायचे आणि पुन्हा फिरवायचे. तीन रविवार फक्त तेवढंच. घाई त्यांना माहीतच नाही. शेवटी गॅस्केटची वेळ आली तेव्हा त्यांनी बाजारचा गॅस्केट आणला नाही. मला पुठ्ठा दिला, हातोडी दिली, एक लोखंडी छर्रा दिला आणि म्हणाले, "तुम्ही कापायचा. आधी तेलाचं भोक. मग बोल्टांची. कडा सगळ्यात शेवटी. कडा लोकांना दिसत्यात, म्हणून माणूस तिथनं सुरवात करतोय." मी भोकावर पुठ्ठा धरला, त्यावर छर्रा ठेवला आणि एक ठोका घातला. चकती खाली पडली. पहिले तीन पुठ्ठे त्यांनी फाडून टाकले. चौथा उजेडाला धरून बघितला आणि झाकणाला लावला.  

सांगाडा टेम्पोतून आणून इंजिन त्यात बसवलं आणि गाडी गेल्या रविवारी सुरू झाली. सातव्या किकला. मेस्त्रींनी लांब पेचकस इंजिनाला टेकवून दांडा कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, मग तो माझ्या कानाला दिला. आत टकटक नव्हती. मी आधीच ठरवलं होतं, थेट कोडोलीचा रस्ता धरायचा आणि ऐंशी. तर मेस्त्री म्हणाले, "हजार किलोमीटर व्हईस्तवर चाळीसच्या वर न्यायची न्हाय." मला हसू आलं आणि लगेच संतापही आला. रंकाळ्याला एक चक्कर मारून परत आले. चाळीसने.

आता ते राहिलेलं उत्तर. पुठ्ठा उजेडात धरून मेस्त्रींनी माझं अर्धं नाव वाचलं होतं. म्हणाले, "बाई, हे तर तुमचंच नाव हाय की. तुम्हीच कापलासा काय ह्यो?" इतकी वर्षं मला कुणीतरी हे विचारायला हवं होतं. नाही, माझ्या वडिलांनी कापला, एवढं म्हटलं असतं की झालं. समोर पुरावा, समोर पारखी माणूस. आणि मी म्हणाले, "व्हय. मीच." त्यांनी मला चांगलं दहा मिनिटं झापलं. शिकलेल्या बाया, अक्कल गहाण टाकून हातोडी धरत्यात, असं काय काय. म्हणूनच तर नंतर त्यांनी मला कापायला बसवलं. मग बोट ठेवून विचारलं, "आन् ह्यो लाल गोल कुणी केला?" मी म्हणाले, "वडिलांनी. माझी चूक त्यांनी शोधून काढली होती." त्यांनी पुठ्ठा पुन्हा उजेडाला धरला. म्हणाले, "बाप तयार माणूस हुता म्हणायचा."

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पुठ्ठा आणि हे पत्र एकाच पाकिटात घालून तुमच्या फळीमागे ठेवणार आहे. माझा पाना मी काढून घेतला आहे. माझा राग कमी झाला म्हणून मी खोटं बोलले असं तुम्ही समजू नका, तो तसूभरही कमी झालेला नाही. मी का बोलले ते मला अजून कळलेलं नाही. फक्त, तुम्हाला त्यांनी तयार माणूस म्हटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं.